चुंबकाने दाबलेला प्रवाह : अतिसंवाहक जोड आणि आकाशातील सूक्ष्मतरंग

१/ दिवाळी सरली की आमच्या लाखांदूर तालुक्यात गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. नाटक पहाटेपर्यंत चालते. दोन अंकांच्या मधल्या वेळात मंडपाबाहेर येऊन, कापणी झालेल्या बांध्यांच्या कडेला उभे राहून वर पाहावे. मध्यरात्र उलटलेली असेल तर मृग नक्षत्र चांगलेच वर चढलेले दिसते. धान लावणाऱ्यांना मृग ठाऊक असतो तो पावसाचा. कार्तिकातल्या या मृगाकडे फारसे कोणी पाहत नाही.

२/ त्या नक्षत्रात तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक पुसट डाग आहे. तो मृगातील तेजोमेघ. १९७० साली रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेंझियास या बेल प्रयोगशाळेतील तिघांनी अमेरिकेतील किट पीक येथील ३६ फुटी दुर्बीण या मेघाकडे वळवली आणि त्यांना सुमारे ११५ गिगाहर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला ११५ अब्ज कंपनांच्या ठिकाणी, एक ठसठशीत संकेत मिळाला. तो कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंचा होता.

३/ या शोधाचे मोल मोठे होते. तारे थंड वायूच्या ढगांत जन्मतात. त्या ढगांत सर्वाधिक असतो तो हायड्रोजनचा रेणू, पण एवढ्या थंडीत तो मुका राहतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र बोलतो. तेव्हा ताऱ्यांची बाळंतघरे शोधायची तर ११५ गिगाहर्ट्‌झ आणि त्याच्या पटींतील सूक्ष्मतरंग ऐकणे भाग होते. आजचा धागा, वाचकमित्रहो, हे ऐकणाऱ्या कानाच्या इतिहासाचा आहे. त्यात एका थोर शोधाने दुसऱ्या एका शोधाला सोळा वर्षे झाकून ठेवले.

४/ अडचण अशी, की इतक्या वेगाने कंप पावणाऱ्या क्षीण संकेताचे वर्धन करणारी यंत्रे त्या काळी नव्हती. मग युक्ती करावी लागे. नाटकातली पेटी आठवा. एकाच स्वराच्या दोन सुऱ्या किंचित विसंवादी लागल्या, की त्या स्वरात एक संथ लाट उमटते. भौतिकशास्त्रात तिला विस्पंद म्हणतात. सुऱ्या सेकंदाला ४४० आणि ४४२ वेळा कंपत असतील, तर लाट सेकंदाला दोनच वेळा येते. कंपने वेगवान, त्यांच्यातील फरक मात्र संथ.

५/ आकाशातून आलेल्या ११५ गिगाहर्ट्‌झच्या संकेतात आपण आपल्या जवळचा, जवळपास तेवढ्याच वारंवारतेचा सूर मिसळला, तर दोहोंच्या फरकाचा एक संथ संकेत हाती येतो. त्यात मूळ संकेताची सारी माहिती उतरलेली असते आणि त्याचे वर्धन करणे सोपे असते. हे मिसळणे ज्या घटकात घडते तो मिश्रक, बोलीत मिक्सर. स्वयंपाकघरातल्या मिक्सरशी त्याचे नाते नावापुरतेच.

६/ मिश्रकाची एक अट असते : त्याने सरळमार्गी असता कामा नये. विद्युतदाब दुप्पट केला की प्रवाहही नेमका दुप्पट होत असेल, तर दोन सूर एकमेकांशेजारून निघून जातात, मिसळत नाहीत. घटकाचा प्रतिसाद कुठेतरी वाकलेला हवा. जितका तीव्र वाक, तितका मिश्रक चांगला. या क्षेत्राचा पाऊणशे वर्षांचा इतिहास म्हणजे अधिकाधिक तीव्र वाकाचा शोध होय.

७/ पहिला वाक सापडला तो दगडात. जगदीशचंद्र बसू कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते. त्या टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला आणि १९०१ मध्ये त्याच्या अमेरिकी एकस्वासाठी अर्ज केला. ते १९०४ मध्ये मिळाले. पुढे निर्वात नळ्या आल्या, स्फटिक मागे पडले. आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या सूक्ष्मतरंगांपुढे नळ्या हतबल ठरल्या, तेव्हा सिलिकॉनच्या रूपाने स्फटिक मिश्रक म्हणून परतले. १९७० साली किट पीकवर कार्बन मोनॉक्साइड ऐकला तोही अर्धसंवाहक डायोडनेच.

८/ मग या डायोडमध्ये उणे काय होते? थोडा हिशेब करू. ११५ गिगाहर्ट्‌झच्या एका फोटॉनची ऊर्जा विद्युतदाबाच्या भाषेत सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टची. खोलीच्या तापमानाला डायोडचा वाक पसरलेला असतो तो सुमारे २५ मिलिव्होल्टवर. धानाची पोती तोलण्याच्या काट्यावर गुंजभर सोने ठेवावे, तसा हा प्रकार. काटा हलतो तो पुष्कळ गुंजा साचल्यावर. डायोड थंड केला तर सुधारणा होते, पण एकेका फोटॉनची दखल घेण्याइतका तो नाजूक होत नाही.

९/ आता दृश्य बदलू. १९६० साल, न्यूयॉर्क राज्यातील जनरल इलेक्ट्रिक कंपनीची प्रयोगशाळा. आयव्हार गीएव्हर हा मूळचा यंत्र-अभियंता तिथे नोकरी करता करता भौतिकशास्त्राचे वर्गही करत होता. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत एक रिकामी फट असते, हा त्या काळी अगदी ताजा असलेला सिद्धांत त्याने वर्गात ऐकला. दोन धातूंच्या मध्ये अतिशय पातळ निरोधक थर ठेवून त्यातून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात का, हे तो आधीपासून तपासत होताच. त्याने एक धातू शिसे घेतला आणि जोड द्रवरूप हेलियमच्या थंडीत नेला.

१०/ शिशाची ती फट प्रवाहाच्या आलेखात सरळसरळ उमटली. आणि दोन्ही बाजूंना अतिसंवाहक असतील, तर चित्र आणखी रेखीव होते. दाब वाढवत न्या. प्रवाह जवळजवळ शून्य. शिशाच्या जोडात पावणेतीन मिलिव्होल्टच्या आसपास एक उंबरठा येतो आणि तिथे प्रवाह एकदम उसळतो. मधला निरोधक थर एक-दोन नॅनोमीटरचा. इलेक्ट्रॉन तो ओलांडत नाहीत, फोडतही नाहीत. पुंजयामिकीच्या नियमाने बोगद्यातून जावे तसे पलीकडे निघतात. निसर्गात इतका काटकोनी वाक क्वचितच आढळतो.

११/ १९६२ साली बेल प्रयोगशाळेतील डेयम आणि मार्टिन यांनी असा जोड सूक्ष्मतरंगांत ठेवून पाहिला. उंबरठ्याच्या अलीकडे, जिथे प्रवाह असायला नको, तिथे पायऱ्या दिसू लागल्या. दुसऱ्याच वर्षी त्याच संस्थेतील टिएन आणि गॉर्डन यांनी त्या पायऱ्यांची उपपत्ती दिली : उंबरठा चढायला ज्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा अपुरी पडते, तो एक फोटॉन गिळतो आणि पलीकडे जातो. दोन फोटॉन गिळणाऱ्यांची पायरी त्याच्याही मागे.

१२/ इथे क्षणभर थांबावे. एक फोटॉन आला, एक इलेक्ट्रॉन गेला. सूक्ष्मतरंग टिपणाऱ्या साधनाकडून याहून अधिक काय मागणार? गुंजभर सोन्याचा काटा १९६३ मध्ये जवळजवळ तयार होता. त्याचा मिश्रक म्हणून यशस्वी उपयोग छापून आला १९७९ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत काय झाले, हा या इतिहासातला मला सर्वांत रोचक वाटणारा प्रश्न आहे.

१३/ झाले असे, की त्याच १९६२ साली केंब्रिजमधील ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक विलक्षण भाकीत केले. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वावरतात. या जोड्याही निरोधक थरातून जाऊ शकतील, आणि तेही दोन्ही बाजूंत कोणताही विद्युतदाब नसताना, असे त्याचे म्हणणे होते. अतिसंवाहकतेचा सिद्धांत रचणाऱ्या जॉन बार्डीन यांनी ते अमान्य केले. १९६३ मध्ये अँडरसन आणि रॉवेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि विद्यार्थी बरोबर ठरला. १९७३ चे नोबेल पारितोषिक एसाकी, गीएव्हर आणि जोसेफसन यांना मिळाले.

१४/ जोसेफसन प्रवाहाचे तेज असे काही पसरले, की अतिसंवाहक जोड म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राही. मिश्रक करायचा तर त्याचाच, हे ओघाने आले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पॉल रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात त्यावर बरेच कष्ट घेतले. सैद्धांतिक गणित आशादायक होते, पण प्रत्यक्षात मिश्रक अपेक्षेपेक्षा कितीतरी गोंगाट करी.

१५/ कारण त्या प्रवाहाच्या स्वभावातच होते. जोडावर स्थिर दाब दिला, की जोसेफसन प्रवाह स्वतःच कंप पावू लागतो. एका मिलिव्होल्टला सुमारे ४८४ गिगाहर्ट्‌झ. म्हणजे मिसळायला दिलेल्या दोन सुरांत हा तिसरा, स्वतःच्या मर्जीने गाणारा. तो नाना वारंवारतांचा गोंगाट ओढून आणतो आणि आपल्या संथ संकेतात कालवून टाकतो.

१६/ आणि याच जोडातून वाहणारा दुसरा प्रवाह, एकट्या इलेक्ट्रॉनांचा, गीएव्हरचा, डेयम-मार्टिनच्या पायऱ्यांचा, दुर्लक्षित राहिला. सगळा दोष कीर्तीच्या झगमगाटाला देणे अन्यायाचे होईल. ११५ गिगाहर्ट्‌झला चालायचा तर जोड काही चौरस मायक्रॉनांचाच हवा, कारण मोठा जोड धारित्रासारखा वागून संकेत परस्पर गिळून टाकतो. आणि असे चिमुकले जोड करण्याची कला १९६३ मध्ये नव्हती. शिवाय टिएन-गॉर्डन यांच्या सूत्रांवरून मिश्रकाचे पूर्ण गणित कोणी मांडलेले नव्हते. तरीही माझे मत असे, की प्रश्न कोणी विचारला असता तर कला आणि गणित यांना सोळा वर्षे लागली नसती.

१७/ गणित आले ते आडवाटेने. कॅलिफोर्नियातच एरोस्पेस कॉर्पोरेशनमध्ये जॉन टकर हे वेगळ्या प्रकारच्या, अतिसंवाहक आणि अर्धसंवाहक यांना जोडून केलेल्या डायोडचा विचार करत होते. वाक जर एका फोटॉनच्या मानाने तीव्र असेल, तर जुने नियम कुठवर टिकतात? १९७८ मध्ये मिलिया यांच्यासह एक छोटा निबंध आणि १९७९ च्या अखेरीस एक प्रदीर्घ निबंध, यांतून त्यांनी उत्तर दिले : असा मिश्रक पुंजयामिकीने घालून दिलेल्या किमान गोंगाटापर्यंत पोहोचू शकतो.

१८/ पुढची मांडणी तर जुन्या जाणकारांना पटण्यासारखी नव्हती. साध्या डायोडच्या मिश्रकात संकेताचा काही भाग नेहमी वाया जातो. घातले त्याहून कमी निघते. टकर यांच्या सूत्रांनी सांगितले, की या जोडांतून घातले त्याहून अधिक निघू शकेल. मिसळता मिसळता वर्धन! १९८० मध्ये बर्कलीच्या गटाने ते प्रत्यक्ष मोजून दाखवले.

१९/ परंतु प्रयोग या प्रदीर्घ निबंधासाठी थांबले नव्हते. १९७९ च्या मार्चमध्ये ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन छोटे निबंध आले. पहिला पान ३४५ वर, दुसरा ३४७ वर. पहिला बर्कलीच्या रिचर्ड्स, शेन, हॅरिस आणि लॉइड यांचा, ३६ गिगाहर्ट्‌झचा. ज्यांनी जोसेफसन मिश्रकावर वर्षे घालवली, तेच आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळले होते. दुसरा डोलन, फिलिप्स आणि वूडी यांचा. त्यांची वारंवारता? ११५ गिगाहर्ट्‌झ. मृगातल्या कार्बन मोनॉक्साइडची.

२०/ या मंडळींनी १९८१ च्या एका निबंधात आपल्या साधनाला ‘डेयम-मार्टिन मिश्रक’ असे नाव दिले होते. दोन विस्मृत प्रयोगकर्त्यांचे ऋण फेडण्याचा तो सभ्य प्रयत्न असावा, असे मला वाटते. नाव रुजले नाही. अतिसंवाहक, निरोधक, अतिसंवाहक या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘एसआयएस’ हे कोरडे नावच टिकले.

२१/ शिशाच्या जोडांना एक खोड होती. द्रवरूप हेलियमपासून खोलीच्या उष्णतेपर्यंत ये-जा करताना ते बिघडत. आयबीएम कंपनीने अतिसंवाहक जोडांचा संगणक करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता, तोही बराचसा शिशाच्या मिश्रधातूंवर उभा होता. १९८३ मध्ये तो गुंडाळला गेला. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील गुर्विच, वॉशिंग्टन आणि हगिन्स यांनी नायोबियम या कणखर धातूवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप देऊन, तो लेपच गंजवून निरोधक थर करण्याची रीत प्रसिद्ध केली. दुर्बिणींसाठीच्या जोडांचा प्रश्न तिने सोडवला.

२२/ पुढचे भराभर सांगतो. अमेरिकेतील ओवेन्स व्हॅली, हवाई बेटांवरील मौना केआ. २००९ मध्ये अवकाशात गेलेली हर्शेल दुर्बीण, जिच्या एका उपकरणात हे मिश्रक १,२५० गिगाहर्ट्‌झपर्यंत काम करत होते. मग चिलीच्या वाळवंटात ५,००० मीटर उंचीवरील ‘आल्मा’, २०१३ मध्ये उद्घाटन झालेला ६६ ॲंटेनांचा समूह. त्याच्या बहुतेक पट्ट्यांचे रिसीव्हर एसआयएसचे आहेत. एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिलेले कृष्णविवराचे पहिले चित्र २३० गिगाहर्ट्‌झच्या आसपास टिपले होते, ते याच जातीच्या जोडांनी.

२३/ तुम्ही विचाराल, मग आपल्या जीएमआरटीचे काय? नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ३० ॲंटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, साधारण १,४५० मेगाहर्ट्‌झपर्यंत ऐकतात. तिथे थेट वर्धन करणारे ट्रान्झिस्टर उत्तम चालतात. या नाजूक जोडांची गरजच नाही. आणि मिलिमीटर लहरींना हवेतील बाष्पाचे वावडे. वैनगंगेकाठच्या आमच्या दमट हवेत आल्मासारखी दुर्बीण उभारली, तर वर्षातला मोठा काळ ती ढगांचाच आवाज ऐकत बसेल.

२४/ तरीही महाराष्ट्रात अतिसंवाहक जोड आणि सूक्ष्मतरंग यांची गाठ पडलीच, फक्त निराळ्या कामासाठी. जागा मुंबईतील कुलाबा, टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे आर. विजयराघवन यांची क्वांटम मापनाची प्रयोगशाळा आहे. त्यांनी येल विद्यापीठात मिशेल डेव्होरे यांच्याकडे पीएच.डी. केली, हेच डेव्होरे २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. त्यांच्यासह हा मान जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाला, तो बर्कलीत १९८४-८५ मध्ये जोसेफसन जोडांवर केलेल्या प्रयोगांसाठी.

२५/ कुलाब्याच्या प्रयोगशाळेत आकाश ऐकायचे नसते, क्युबिट ऐकायचा असतो. क्युबिटची अवस्था सांगणारा सूक्ष्मतरंग काही फोटॉनांइतकाच क्षीण असतो. त्याचे वर्धन करायला जोसेफसन जोडाचेच वर्धक वापरतात. एक बलवान सूर आणि एक क्षीण संकेत जोडाच्या वाकात एकत्र येतात, आणि बलवान सुराची ऊर्जा संकेताकडे वळते. म्हणजे पुन्हा मिसळणेच. २०१५ मध्ये या गटाने अशा वर्धकाचा पट्टा रुंदावण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या लेखकांत रणदिवे, पाटणकर अशी ओळखीची आडनावेही दिसतात.

२६/ ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा आणि टाटा संस्था यांनी सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पार पडल्याचे जाहीर केले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसही त्या कामात सहभागी होती. जगातील मोठ्या प्रक्रियकांपुढे सहा ही संख्या लहान आहे, हे खरे. पण संकेत देण्या-घेण्याच्या साखळीसह सगळे जुळवून चालवणे हीच यातली अवघड बाजू असते.

२७/ आता मघाशी ओझरते आलेले एक नाव पुन्हा घेतो : जेराल्ड डोलन, पान ३४७ च्या निबंधाचे पहिले लेखक. त्यांनी १९७७ मध्ये चिमुकले जोड बनवण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली होती. पृष्ठभागापासून अधांतरी राहील असा एक अतिसूक्ष्म पूल रचायचा आणि त्यावर धातूची वाफ दोन वेगवेगळ्या तिरक्या दिशांनी सोडायची. मधल्या वेळात पहिला थर प्राणवायूत किंचित गंजू द्यायचा. पुलाच्या दोन सावल्या सरकलेल्या पडतात आणि पुलाखाली दोन्ही थर जिथे एकमेकांवर येतात तिथे आपोआप जोड तयार होतो. क्युबिट बनवणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ‘डोलन पूल’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यातला आहे. क्युबिटचे काम करणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की हा माणूस मृगातला वायू ऐकण्याच्या उद्योगातही होता?

२८/ शेवटी शीर्षकाचा उलगडा. दुर्बिणीतला एसआयएस मिश्रक बसवताना त्याच्याशेजारी एक छोटे चुंबकीय वेटोळेही बसवावे लागते. नोबेल मिळवणारा जोसेफसन प्रवाह तिथे उपद्रवी असतो. म्हणून वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र नेमके जुळवून तो दाबून टाकतात आणि एकट्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाला काम करू देतात. क्युबिटच्या प्रयोगशाळेत गोष्ट बरोबर उलटी. तिथे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही सहस्रांशांवर बसलेल्या त्या चकतीभोवती चुंबकरोधक कवचे चढवतात. जोसेफसन प्रवाहाला पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाचाही धक्का लागू नये, एवढी ती काळजी.